सुनंदाचा ब्लाऊज सैल झाला तेव्हा

डिचोलीच्या बाजारात माझं ब्लाऊज शिवायचं दुकान होतं. दुकान म्हणजे एकच खोली. तिच्यात दोन मशिनी, कापायचं मेज, उभा आरसा आणि कोपऱ्यात पडदा ओढून केलेली माप घ्यायची जागा. सुईत दोरा ओवणं डोळ्यांना जमेना झालं तेव्हा दुकान बंद केलं. पण तोपर्यंत माझं अर्ध्याहून जास्त आयुष्य दुसऱ्या बायकांच्या छातीभोवती टेप धरण्यात गेलं होतं. त्यामुळे एखादी बाई जाड झाली की बारीक, हे तिच्या घरच्यांच्या आधी मला कळायचं. वजनाचा काटा सगळ्यांच्या घरी नसतो, आणि असला तरी आमच्या बायका त्याच्यावर चढत नाहीत. ब्लाऊज मात्र घालावाच लागतो.

ज्यांनी कधी शिवण केलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. कापड कापताना शिवणीच्या आत आम्ही दोन्ही बाजूंनी जास्तीचं कापड सोडतो. त्याला माया म्हणतात. बाई अंगाने भरली की शिवण उसवायची आणि मायेतून जागा करून द्यायची. बारीक झाली तर शिवण आत घ्यायची. रेशमी कापड असलं तर माया सढळ ठेवावी लागते, कारण रेशमी ब्लाऊज बाई पुढची कित्येक वर्षं घालते आणि तेवढ्या वर्षांत ती होती तशी राहत नाही. नव्या टेलर मुली फिटिंग छान दिसावं म्हणून माया कापून टाकतात. पहिल्या दिवशी ब्लाऊज सुंदर बसतो, पुढच्या गणेशचवथीला हुक लागत नाही.

बायका मापाबद्दल खोटं बोलतात. सांगितलेलं माप मी कधी धरलं नाही. कोणी लग्नातला ब्लाऊज मापाला आणून द्यायची आणि म्हणायची, "ह्याच मापाचो शीव, हांव आतां बारीक जातलीं." मी मान हलवायची आणि टेप काढायची. होणाऱ्या अंगाचा ब्लाऊज शिवता येत नाही, असलेल्या अंगाचाच शिवावा लागतो. हे मी माझ्या बहुतेक गिऱ्हाइकांना कधी ना कधी ऐकवलं आहे, आणि त्यांनी ते मनाला लावून घेतलेलं नाही.

पूर्वी बायका म्हणायच्या, बाळंतपणात सुटले. गेल्या काही वर्षांत पडद्याआड दुसरेच शब्द ऐकू यायला लागले. थायरॉईड, पीसीओडी, शुगर. मये गावची एक कॉलेजातली मुलगी यायची. भर मे महिन्यात तिला कॉलरचा, बंद गळ्याचाच कुर्ता हवा असे. एकदा माप घेताना मी तिचे केस बाजूला केले, तर मानेवर काळा, जाडसर पट्टा. सोबत आई होती. ती म्हणाली, "न्हाताना घांसना ती. हांव काथ्यान घांसता, तरी वचना." घासून घासून त्या पोरीची मान सोलवटली होती. मला वाटलं, साखळीची ॲलर्जी असेल. पुढे पाळी येईना म्हणून तिला डॉक्टरकडे नेलं तेव्हा समजलं, तो मळ नव्हताच. शरीरातल्या इन्सुलिनचा गोंधळ झाला की मान काळवंडते, हनुवटीवर केस येतात, आणि वजन चढतं ते उतरायचं नाव घेत नाही. ती मुलगी बरीच वर्षं झगडली. थोडं उतरायचं, थांबायचं, परत चढायचं. तिच्या मैत्रिणी तिच्या दुप्पट खाऊन काडीसारख्या. एकदा टेप अंगावर असतानाच ती रडायला लागली. मी तिला स्टूल दिलं, पाणी दिलं. दुसरं काय देणार? पण तिने सोडलं नाही. हळूहळू कमी झाली, आणि एका उन्हाळ्यात साध्या गोल गळ्याचा कुर्ता टाकून गेली. मान पूर्ण उजळली नव्हती. मी विचारलं तर म्हणाली, "आसूं दी गे मावशी. गरम जाता."

पडद्याआड असं बरंच काही कळतं. कोणाला दिवस गेलेत, कोणाची पिशवी काढायची ठरलीय, कोणाच्या हाताला छातीत गाठ लागलीय. ते तिथेच ठेवायचं, बाजारात न्यायचं नाही, हा नियम मला कोणी शिकवला नाही. टेलरचं तोंड सुटलं की तिच्याकडे कोणी उघड्या अंगाने उभी राहत नाही, एवढं ज्याचं त्याला समजतं. मी तो नियम सांभाळला. एकदाच मोडला.

सुनंदा हे तिचं खरं नाव नाही. सुर्ल्याची, मराठी प्राथमिक शाळेत बाई. तिच्या नवऱ्याचा खनिजाचा ट्रक होता. मायनिंग बंद पडलं तेव्हापासून ट्रक दारात उभा आणि घर तिच्या पगारावर. माझ्याहून थोडी लहान, पण आम्ही एकमेकींना पहिल्यापासून अगे-तुगेच करायचो. बाजाराच्या दिवशी डिचोलीला आली की नुस्त्याची, म्हणजे मासळीची, पिशवी माझ्या दाराबाहेर टांगायची आणि आत येऊन बसायची. उंच, थोराड हाडाची, मोठ्याने हसणारी बाई. तिचा ब्लाऊज कापायला कापड जास्त लागायचं आणि ती ते स्वतःच सांगायची.

तिला शुगर निघाली ती चाळिशीच्या आत. आधी गोळ्या होत्या. मग गोळ्यांनी भागेना म्हणून डॉक्टरांनी इन्सुलिनची सुई चालू केली. सुई चालू झाल्यावर मी तिचे ब्लाऊज एकदा उसवले, परत उसवले, आणि मग माया संपली. ती हसत म्हणायची, "हें खंयचें औषद गे? घेतां तशी फुगतां." पण हसण्यात दम नव्हता. वजन कमी कर, असं सगळेच सांगत होते. म्हणून ती शीत, म्हणजे भात, कमी करायची. शीत कमी केलं की सुईमुळे साखर फार खाली यायची, घाम फुटायचा, हात कापायचे, आणि वर्गात टेबलाच्या खणातली साखर तोंडात टाकावी लागायची. "वजन उतरपाक उपास करतां, आनी उपास मोडपाक साखर खातां," असं एकदा म्हणाली. जेवणाच्या पंगतीत तिच्या पानाकडे लोकांचं लक्ष. लाडू वाढणारा तिच्यापुढून लाडू न वाढताच पुढे जायचा, आणि तेही मोठ्याने सांगून.

मग तिच्या मुलीचं, अक्षताचं, लग्न ठरलं. अक्षता वास्कोला एका शिपिंग कंपनीच्या ऑफिसात कामाला होती, तिथेच खोली घेऊन राहायची. सुनंदा पेढे घेऊन आली आणि मोबाईलवर साखरपुड्याचे फोटो दाखवले. एका फोटोत ती आणि विहीणबाई बाजूबाजूला उभ्या होत्या. विहीणबाई सडपातळ. सुनंदाने तो फोटो बोटांनी मोठा केला, स्वतःकडे पाहिलं आणि फोन पालथा ठेवला.

"लग्नांत परत अशेंच उबें रावचें पडटलें," ती म्हणाली.

"मग राव. मुलीची आई तू," मी म्हटलं.

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी आली तेव्हा दारातूनच ओरडली, "नलू, पळय गे, सैल जालो!"

ब्लाऊज खरंच सैल झाला होता. काखेत चुण्या पडत होत्या. मी शिवण आत घेतली. आम्ही दोघी खूष. मीही खूष होते, हे लिहायला हवं. तेव्हा दुकानात दोघी-तिघी गिऱ्हाइकं बसली होती, त्या तिच्याभोवती जमल्या. "बारीक जाली गे ही! कितें करता तूं?" सुनंदा म्हणाली, शीत सोडलं, सकाळी चालते. एकीने तर तिथल्या तिथे ठरवलं की उद्यापासून आपणही शीत बंद. सुनंदाचा चेहरा असा फुलला होता की लग्न तिचंच आहे असं वाटावं. शाळेतल्या बाया, सोयरे, बसचा कंडक्टरसुद्धा विचारायला लागला होता म्हणे. इतकी वर्षं तिच्या शरीराबद्दल कोणी चांगला शब्द काढला नव्हता. आता सगळे काढत होते.

पुढच्या खेपेला परत सैल. मी परत आत घेतली. मशिनीवर बसल्या बसल्या मला जरा चमत्कारिक वाटलं. अंग हळूहळू उतरतं तेव्हा ते कमरेला, पोटाला, दंडाला थोडं थोडं उतरतं. हिचे खांदेच बसले होते. पण लग्नाची धावपळ म्हणून मी मनाची समजूत घातली.

तिसऱ्या खेपेला ती लग्नाच्या साडीवरचं ब्लाऊजपीस घेऊन आली. हिरवं, जरीच्या काठाचं. आल्या आल्या माझी पाण्याची बाटली उचलून तिने तोंडाला लावली आणि रिकामी केली. मग शेजारच्या दुकानात बाथरूमला जाऊन आली. मी माप घ्यायला लागते न लागते तोच परत गेली. परत आली आणि विचारलं, "पाणी आसा गे आनीक?" मी माठातलं दिलं. पडद्याआड तिने ब्लाऊज काढला तेव्हा काखेजवळ चिघळलेलं गळू दिसलं, त्याच्यावर कापूस चिकटवलेला. टेप खांद्यावर टेकवली तर खाली हाड लागलं.

"हें कधीपासून आसा?" मी गळवाबद्दल विचारलं.

"जाता बरें. कितले दीस जाले, सुकना."

"सुनंदा, सुई घेतंस मा तू?"

ती आरशातून माझ्याकडे पाहत राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, "ना."

मला आधी नीट समजलंच नाही. मग तिने सांगितलं. एकदा प्रवासात सुई विसरली होती. परत आल्यावर काटा पाहिला तर उतरलेला. मग मुद्दाम सोडून पाहिली, अजून उतरला. "सुई घेतली की फुगतां, सोडली की उतरतां. कोणेंच म्हाका हें सांगूंक ना, म्हजें हांवेंच सोदून काडलें." हे सांगताना तिच्या आवाजात अभिमान होता. घरी सांगितलं होतं की डॉक्टरांनीच सुई बंद केली.

"अगे, औषध तें!"

"खबर आसा म्हाका. अक्षताचें लग्न जावं दी, मागीर घेतां. इतले दीस कांय जालें ना न्हय? आनी कोणाक सांगूं नाका. म्हजी शपथ आसा तुका."

मी टेप गुंडाळली. मला डॉक्टरी कळत नाही, पण माझ्या माहेरी, पार्से गावात, माझ्या आत्याचा पाय शुगरने गेला होता. तिची तहान मी पाहिली होती.

"ह्यो ब्लाऊज माका शिवूक येवचो ना," मी म्हटलं. "आधी डाक्टराकडे जा. मगे आण."

"कित्याक येवचो ना?"

"आज घेतलेलं माप पुढल्या आठवड्यात चुकतला. तू रवतंस खंय एका मापात? कापून फुकट घालवू काय रेशमी कापड?"

ती चिडली. गिऱ्हाईक मी, शिवायचं तू, असं म्हणाली. मग म्हणाली, "तुकाय हांव जाडच बरी दिसतां. आतांमेरेन सगळ्यांक दिसताली तशी." हे मला लागलं. ते खरं नव्हतं, पण तिला ते खरं का वाटावं हेही मला समजत होतं. तिने ब्लाऊजपीस पिशवीत कोंबलं आणि दारातून म्हणाली, "म्हापश्यांत टेलर मेल्यात काय? शपथ विसरूं नाका."

त्यानंतरचे दिवस माझे वाईट गेले. मशीन चालवायचे आणि डोक्यात तेच. सांगावं तर तिने विश्वासाने सांगितलेलं. न सांगावं तर आत्याचा पाय डोळ्यांपुढे. मी स्वतःशीच म्हणायचे, ती शिकलेली बाई आहे, पोरांना आरोग्याचे धडे शिकवते, तिला कळतं. आणि पुढच्या क्षणी वाटायचं, कळतं म्हणूनच लपवते.

पुढच्या बाजाराच्या दिवशी मी दुपारी चहा प्यायला बाहेर पडले, तर बसस्टँडच्या पायरीवर सुनंदा बसलेली. पदर अस्ताव्यस्त, पर्स मांडीवर, डोळे अर्धे मिटलेले. मी हाक मारली तेव्हा तिने वर पाहिलं, पण मला ओळखायला तिला वेळ लागला. धाप लागल्यासारखी श्वास घेत होती. मी वाकले तेव्हा तिच्या तोंडाला अति पिकून गेलेल्या फळासारखा वास आला.

"कणकण आसा. घरा वतां," म्हणाली. "म्हापश्यांतल्यान ब्लाऊज हाडलो. बरो बसला."

मी म्हटलं, चल, दवाखान्यात जाऊ. तिने माझा हात झटकला आणि सुर्ल्याची बस लागली तशी उठून तिच्यात चढली. मी खाली उभी राहून तिला खिडकीशी बसलेली पाहिलं. तिने डोकं गजांना टेकवलं होतं. बस सुटली.

मी दुकानात परत गेले आणि अक्षताला फोन लावला. तिचे कुर्ते मीच शिवायचे, नंबर होता.

"अक्षता, तुझ्या आईची सुई बंद नाही झालेली," मी म्हटलं. "तिनेच सोडलीय. बारीक व्हायला."

ती म्हणाली, "मावशी, ती म्हणाली डॉक्टरांनी..."

"खोटं सांगितलं तिने. आत्ता तिला बसमध्ये पाहिलं, तिचं ठीक नाही. तू बाबांना फोन कर, आत्ताच्या आत्ता. बाकीचं मग बोल."

पुढचं मला अक्षताकडून कळलं. तिच्या वडिलांनी फ्रिज उघडला, तर कोकम सरबताच्या बाटल्यांमागे इन्सुलिनचे न फोडलेले खोके. सुनंदा घरी पोचली होती आणि मोरीत बसून ओकत होती. शेजाऱ्याच्या गाडीत घालून तिला दवाखान्यात नेलं आणि तिथून ॲम्ब्युलन्सने बांबोळीच्या मोठ्या सरकारी इस्पितळात. शुगर इतकी चढली होती की रक्तात आंबटपणा आला होता. काही दिवस ती आयसीयूत होती.

तिला वॉर्डात आणल्यावर मी भेटायला गेले. हाताला सलाईन, ओठ फुटलेले. चादरीखाली ती इतकी लहान दिसत होती की मी आधी खाटेचा नंबर चुकले असंच समजले. मला पाहून तिने तोंड भिंतीकडे फिरवलं.

"हांवें शपथ घातिल्ली," ती म्हणाली.

"होय."

"तरी सांगलें."

"होय."

"वच."

मी नारळपाणी आणलं होतं. ते मेजावर ठेवलं आणि बाहेर आले.

बाहेर बाकावर अक्षता बसली होती. तिने मला डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते सांगितलं, आणि मी ते इथे मुद्दाम लिहिते, कारण मला तेव्हा प्रथमच कळलं. इन्सुलिन नसलं की खाल्लेली साखर अंगाला लागत नाही, लघवीतून वाहून जाते. शरीर उपाशी राहतं आणि आपलीच चरबी आणि मांस जाळायला लागतं. काट्याला त्यातलं काही कळत नाही. तो फक्त कमी दाखवतो. लोक ज्याला बारीक होणं म्हणत होते ते तिचं आजारपण होतं. डॉक्टरीणबाईंनी सुनंदाला रागावलं नाही म्हणे. त्या म्हणाल्या, "सुईने वजन वाढतं ही तुमची तक्रार खरी आहे. पुष्कळ बायकांचं वाढतं. ते मला येऊन सांगायचं होतं. डोस बदलता येतो, वेळ बदलता येते, जोडीला दुसऱ्या गोळ्या देता येतात. शुगरवाल्या बाईचं वजन उतरतं, पण सावकाश उतरतं, आणि सुई सोडून नाही."

अक्षता रडत होती. "मीपण तिला स्टेटसवर टाकली होती मावशी. 'माझी स्लिम आई' म्हणून."

मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. मीही दोनदा शिवण आत घेतली होती.

लग्न पुढे ढकललं नाही. माझ्याकडे पत्रिका आधीच आलेली होती, मी गेले. सुनंदा मंडपात खुर्चीवर बसून होती. म्हापशाचा ब्लाऊज तिला झाला नव्हता. औषध सुरू झाल्यावर अंगात पाणी भरलं होतं, आणि त्या ब्लाऊजात सोडायला माया नव्हती. तिने जुना मरून ब्लाऊज घातला होता, साडीला न जुळणारा. तो मी शिवलेला होता. विहीणबाई तिच्या शेजारी बसून तिला पंख्याने वारा घालत होत्या. हळदीकुंकू लावायला सुनंदा माझ्यापुढे आली, कुंकू लावलं, हातात नारळ दिला आणि माझ्याकडे न पाहता पुढच्या बाईकडे गेली.

नंतर ती माझ्या दुकानात आली नाही. तिच्या शाळेतल्या बायाही यायच्या थांबल्या. ह्या टेलरणीकडे सांगितलेलं बाहेर येतं, असा बोभाटा झाला होता. ते खोटं कसं म्हणू? एक जुनं गिऱ्हाईक तर माप देताना आपणहून म्हणालं, "तुका आतां कांय सांगपाक भंय दिसता." परत तसाच प्रसंग आला असता तर मी परत फोन केला असता, ह्याबद्दल माझ्या मनात तेव्हाही शंका नव्हती. पण बाजाराच्या दिवशी दाराबाहेरच्या खिळ्यावर नुस्त्याची पिशवी दिसायची नाही आणि दुपार लांबलचक वाटायची, हेही तितकंच खरं.

अक्षता येत राहिली. तिच्याकडून बातम्या कळायच्या. आईने सुई परत नियमाने सुरू केली. नव्या डोसने हात कापणं थांबलं, त्यामुळे मध्येच साखर खाणं बंद झालं. शीत पूर्ण सोडलं नाही, एका वाटीवर आणलं, आणि ताटात भाजी आणि नुस्तें आधी वाढून घ्यायला लागली. रस्त्यावर चालायची लाज वाटायची म्हणून शाळा सुटल्यावर शाळेच्याच पटांगणात फेऱ्या मारायची. पहिले कित्येक महिने वजन उलट वाढलंच. तेव्हा घरात कोणाशी बोलत नव्हती. अक्षता म्हणाली, "तेव्हा मला भीती होती मावशी, परत सोडेल म्हणून. रोज फोन करून विचारायचे. एकदा ती ओरडली, 'घेतलीं, घेतलीं, फोटो धाडूं?'" मग वजन थांबलं, आणि मग नखाएवढं नखाएवढं उतरायला लागलं. कोणाच्या लक्षात येणार नाही इतकं सावकाश. कोणी तिला विचारलं नाही, काय करतेस म्हणून. कंडक्टरनेही नाही.

मी दुकान आवरायला घेतलं त्या वर्षी, एका बाजाराच्या दिवशी, सुनंदा दारात उभी राहिली. हातात पिशवी. मी मशिनीवर होते. किती काळ गेला होता ते दोघींनाही माहीत होतं.

"निवृत्त जातां," ती म्हणाली. "शाळेंत निरोप समारंभ आसा. ब्लाऊज शिवतली?"

मी टेप घेतली. ती हात पसरून उभी राहिली. खांदे भरलेले होते. काखेतल्या गळवाचा व्रण पांढरा पडला होता.

"कितलें?" तिने विचारलं.

मी आकडा सांगितला.

"पयलीं परस?"

"सुई घेऊन जाड झालेलंस, त्याच्यापेक्षा कमी. सोडून बारीक झालेलंस, त्याच्यापेक्षा जास्त."

तिने आरशात पाहिलं. "बरें," म्हणाली. "असोच शीव. थोडो सैल."

जेवायची वेळ झाली होती. तिने पिशवीतून डबा काढून माझ्या कापायच्या मेजावर ठेवला. चपाती, मोडाच्या मुगांची मुगागाठी, तवशाच्या म्हणजे काकडीच्या फोडी, भाजलेला बांगडा आणि वाटीभर शीत. दोघींना पुरेल इतकं होतं. मग पर्समधून इन्सुलिनचं पेन काढलं, दाराशी ठेवलेल्या स्टुलावर बसली, पदर बाजूला करून पोटाला सुई लावली आणि बटण दाबून मनातल्या मनात मोजलं. रस्त्याने बाया जात होत्या. एक ओळखीची थांबून पाहायला लागली, तर सुनंदाने तिला "कशी आसा गे?" विचारलं आणि सुई काढली.

मी डबा उघडायला लागले, तसा तिने माझा हात धरला.

"राव. सुई घेतल्या उपरांत अर्दो तास रावपाक जाय, मागीर जेवप." मग स्टूल ओढून माझ्या मशिनीजवळ घेतलं आणि माझ्याकडे सरळ पाहिलं. "तितल्यांत सांग. इतलीं वर्सां कशी आशिल्लीं तूं?"

मी मशिनीवरचा पाय काढला आणि सांगायला लागले.